गुलाबी ठिपका

वडिलांचा जुना ट्रॅक्टर दुरुस्तीला टाकताना सगळ्यांनी बजावलं, मिस्त्री ओरिजिनल पार्ट काढून डुप्लिकेट बसवतात. म्हणून मी प्रत्येक पार्टवर बायकोच्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका लावला आणि धायरीतल्या त्या मिस्त्रीसमोर रोज स्टूल टाकून बसलो. पाना खाली ठेवताना तो माझ्याकडे एकदा बघायचा, एवढंच.

ट्रॅक्टर धडधडायला लागल्यावर मी वाकून ठिपके तपासले. सगळे जागेवर होते. प्रत्येकाशेजारी एक पिवळा ठिपकाही होता.

“हा कशाला?”

हात पुसत तो म्हणाला, “गिऱ्हाईकच घरी जाऊन पार्ट बदलतंय अन् माझ्या नावानं बोंबलतंय. तुमची खूण तुम्हाला, माझी मला.”

मला ते पटलं. वारज्याला पोचेपर्यंत पटलेलं राहिलं. मग वाटलं, गुलाबी नेलपॉलिश काय, धायरीतही मिळतं.