बायकोच्या बोटातला पाचू

उभी हयात गुजरीत, सराफांच्या पेठेत, खडे बसवण्यात गेली. गिऱ्हाईक एकच विचारणार, "टिकंल न्हवं?" माझं उत्तर ठरलेलं. "हिरा, माणिक, नीलम बिनघोर वापरा, पावणं. पाचूचं मात्र मी काय सांगत न्हाय. त्याच्या पोटात मुळातच चिरा असत्यात. आपटला, तापला, ताण बसला की गेला."

आणि असला पाचू मी लग्नात स्वतःच्या बायकोच्या बोटात घातला. का, तर मिरवायचं होतं. अंगठी मीच घडवलेली, खडा मीच सोन्याच्या चार नखांत बसवलेला. मग रोज घरात बोंब. "भाकरी थापताना तरी काढ की गं! भांडी घासताना काढ!" ती ढिम्म. म्हणायची, "अवो, बोटात घालाय दिलाय का डबीत ठेवाय?" तीस वर्षं त्या खड्यानं पीठ, राख, धुण्याचा सोडा सगळं सोसलं. कडा घासल्या, चमक गेली, पण फुटला नाही. माझी कटकटही थांबली नाही.

गेल्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. साखर आधीपासून होतीच. दवाखान्यात ठेवलं आणि दोन दिवसांत हात भाकरीसारखे फुगले. अंगठी मांसात रुतली. सिस्टर म्हणाली, "काका, कापायला लागेल. आमच्याकडं कटर आहे." मी भडकलोच. "पत्रा कापायचा कटर मला दावताय व्हय? सोन्याचं काम माझं हाय. हात लावायचा न्हाय!"

कापायची भीती नव्हती. कापल्यावर अंगठी दोन्हीकडून ओढून फाकवावी लागते, तेव्हा खडा धरणारी नखं सरकतात आणि सगळा ताण खड्यावर येतो. पाचू तेवढा सोसत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

म्हणून मी दोरा आणला. अडकलेल्या अंगठ्या दुकानात मी अशाच काढायचो. रेशमाचा दोरा अंगठीखालून घ्यायचा, बोटावर घट्ट गुंडाळायचा, साबण लावायचा आणि दोरा उलगडत अंगठी वर सरकवायची. कितीजणांच्या काढल्या असतील! पण ती बोटं धडधाकट होती, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. सकाळी एकदा गुंडाळला, दुपारी दोनदा. तिनं पदर दातात धरला होता. "कापा की अवो," ती म्हणाली.

"गप बस. आत्ता निघंल."

निघाली नाही. दुसऱ्या दिवशी मी परत दोरा घेऊन बसलो. बोट काळंनिळं झालेलं. डॉक्टर आले, त्यांनी बोट बघितलं आणि सगळ्या वॉर्डासमोर माझ्यावर ओरडले, "अहो, बोट पाहिजे की अंगठी?"

तेव्हा कुठं मी करवत काढली. अंगठी कापली, चिमट्यानं फाकवली आणि टक् असा आवाज झाला. खडा उभा चिरला. दोन्ही तुकडे मी मुठीत घेतले. तिनं डोळे मिटून घेतले होते, तिला दिसलं नाही. बोटाला उशीर झाला होता. चौथ्या दिवशी ते कापून काढावं लागलं.

पट्टी बांधलेला हात पोटावर ठेवून तिनं विचारलं, "खडा शाबूत हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो.

"मग अंगठी जोडून ह्या दुसऱ्या हातात घाला की."

"सूज उतरू दे आधी."

दुसऱ्या दिवशी तिनं परत तेच विचारलं, मी परत तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं उजवा हात पुढं केला. सूज बरीच उतरली होती. बोटं पसरून बघत बसली माझ्याकडं. मी म्हणालो, "घरी गेल्यावर बघू." खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? फार तर रडली असती, शिव्या घातल्या असत्या. पण ज्या पाचूपायी बोट गेलं तो पाचूही गेला, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. लाज वाटते मला, आजही वाटते.

तिनं हात मागं घेतला. "ऱ्हाऊ दे. तुमचा खडा हाय, जपा," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. त्यानंतर तिनं अंगठीचं नाव काढलं नाही.

आठ दिवसांनी ती गेली. ते दोन तुकडे तेवढे दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होते.