कायमचा पत्ता

वर्गातल्या खाटेवर आडवं होण्याआधी त्या चष्मा काढून खिडकीत ठेवायच्या आणि पोरींना म्हणायच्या, "आतापासून मी मॅडम नाही, पेशंट. मले काही विचारू नका." मग तास संपेपर्यंत खरोखर निपचित पडून राहायच्या.

लोणारच्या अलीकडे आमची माध्यमिक शाळा. मी तिथे मराठी शिकवतो. त्या नववी-दहावीला आरोग्यसेवेचा व्यवसाय विषय शिकवायला कंत्राटावर आल्या होत्या. पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात नर्स होत्या, एवढंच आम्हाला ठाऊक. शाळेसमोरच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. सरावासाठीचा पुतळा शाळेला मिळालाच नव्हता, म्हणून त्याच पुतळा व्हायच्या. पोरी त्यांना कुशीवर वळवायच्या, चमच्याने पाणी पाजायच्या. कुणाचा हात गार लागला की पुतळ्याला वाचा फुटायची, "हात चोळून घे ना आधी! माणूस हाय, भिंत नाही."

मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत येत नसत. त्याच खाटेवर बसून डबा खायच्या. एकदा मी विचारलं, तर हसून म्हणाल्या, "तुम्ही सारे प्लॉटचं, पोरायच्या लग्नाचं बोलता. मले बोलाले काय हाय?" मी माझा डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीत परतलो.

पहिल्या वर्षी त्यांच्या विषयाला मोजक्याच पोरी होत्या. म्हणून त्या संध्याकाळी घरोघर फिरायच्या. एकदा मीही सोबत गेलो. एका शेतकऱ्याने दारातच सुनावलं, "पोरीले लोकायचं हागणंमुतणं काढाले शिकवता काय?"

त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. आतून कुणीतरी कण्हत होतं. त्या सरळ आत शिरल्या. त्याची म्हातारी आई पडून होती आणि तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. मॅडमनी पदर खोचला, पाणी गरम करायला लावलं, जखमा स्वच्छ केल्या. घरातली नववीतली पोर दाराआडून पाहत होती. तिला जवळ बोलावून म्हणाल्या, "पाह्य, दर दोन तासाले आजीची कूस बदलायची. घड्याळ पाहून. अंदाजानं नाही."

मग रोज शाळा सुटली की त्या तिथे जायच्या. जखमा सुकल्या. एके दिवशी तो शेतकरी टोपी हातात घेऊन शाळेत आला. "पोरीचं नाव घ्या मॅडम तुमच्या विषयात," म्हणाला. "आन् मायनं तुमाले चहाले बलावलं हाय." पुढच्या वर्षी त्यांच्या वर्गात बसायला जागा पुरेना.

त्याच वर्षी त्या ओट्यावरून घसरल्या आणि पायाला प्लास्टर लागलं. नात्यातलं कुणी आलं नाही. पोरींनी आपसात पाळ्या लावल्या. मी डबा घेऊन गेलो, तेव्हा ती म्हातारीची नात मॅडमची वेणी घालत होती. मॅडमनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मला वाटलं, पाय दुखत असेल.

पोर पाणी भरायला बाहेर गेली. मॅडम भिंतीकडे पाहतच म्हणाल्या, "सर, वर्गात ह्या पोरी मले रोजच उचलतात. पण तिथं मार्क असतात. इथं कायचे मार्क हाय?"

मी डबा ठेवला आणि निघालो. थोडं थांबायला हवं होतं, असं आता वाटतं.

वर्ष संपलं, कंत्राटही संपलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यांच्या खोलीला कुलूप होतं. कुणाला काही सांगून गेल्या नव्हत्या. फोन लागत नव्हता. तो विषय नव्या मॅडमकडे गेला.

परवा ती म्हातारीची नात, आता बारावी झालेली, पेढे घेऊन आली. अकोल्याला तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. "सर, आमच्या मॅडमले कळवाचं हाय. पत्ता द्या ना," म्हणाली. आम्ही कार्यालयात गेलो. बाबूंनी जुनी फाइल काढली. त्यात मॅडमचा अर्ज होता, गोल, नीटस अक्षरातला. सध्याचा पत्ता म्हणून शाळेसमोरची तीच खोली लिहिली होती. खाली 'कायमचा पत्ता' असं छापलेलं होतं. त्यापुढे एकच शब्द होता : वरीलप्रमाणे.

पोरीने तो दोनदा वाचला. मग हळूच म्हणाली, "म्हंजे सर, मॅडम आपल्याच गावच्या होत्या."

बाबूंनी फाइल मिटली. पेढ्यांचा पुडा तिने उघडलाच नव्हता.