आधी काहून, मग वाहून

हलकेमामा टूथब्रशची दांडी कापून वापरत. अर्धी नाही, जवळजवळ सगळीच. उरलेला ब्रश चिमटीत धरून ते सकाळी ओट्यावर बसले की नवख्या माणसाला वाटे, हा गृहस्थ स्वतःचंच बोट चावून राहिला. दांडी कुठं गेली विचारलं की उत्तर ठरलेलं, "दात काय दांडीनं घासता व्हय?"

त्यांचं आडनाव हलके नव्हतं. खरं आडनाव चांगलं लांबलचक होतं, पण तेही त्यांनी वजन कमी करायला टाकून दिलं असावं. सदऱ्याच्या मागची चिठ्ठी, पाकिटाचा दुसरा कप्पा, चपलेचा जादा पट्टा, सगळ्यांवर त्यांची कात्री चालायची. या नावापायी एक सोयरीकही मोडता मोडता राहिली. पाहुण्यांसमोर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मुलीचे मामा हलके आहेत!" पाहुण्यांनी मुकाट्यानं टोप्या उचलल्या. त्यांना पार एसटी स्टँडवरून परत आणावं लागलं, आणि आणलं तेही मामांनीच, सुटलेली गाडी थांबवून.

कारण मामा एसटीत कंडक्टर होते. जन्मभर लोकांच्या बोचक्यांवर पाय देत दारापर्यंत गेलेला माणूस. त्यांच्या गाडीत जातं चढलं, कपाटाचं दार चढलं, "लेकरू हाय" म्हणून पदराखाली झाकलेली बकरी चढली. एकदा तर सामान इतकं झालं की गाडीचं पुढचं टोक स्टँडात शिरलं तेव्हा मागचं टोक आधीच्या थांब्यावर माणसं घेत होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण मामा सांगत होते आणि मामा तिकिटांशिवाय काही फाडत नसत, थापा तर नाहीच.

या बोचक्यांनीच त्यांना शहाणं केलं. कोणतीही वस्तू हातात आली की ते तिला माणसासारखं विचारत, "काहून?" म्हणजे, कशासाठी? वस्तूनं पटेल असं उत्तर दिलं नाही तर ती घरीच राही. "भाचेबुवा," मला म्हणत, "आधी काहून, मग वाहून. ध्यानात ठेवा." नातं काही नव्हतं, मी शेजारचा. पण पुसेगावात भाचा व्हायला भिंत सामाईक असली तरी पुरतं.

निवृत्त झाल्यावर मोबाइलवर त्यांना एक जग सापडलं. डोंगरांतून महिनोन्‌महिने चालणारी माणसं आणि त्यांच्या पाठीवर कापसासारख्या थैल्या. मामा बघता बघता जेवायचं विसरले. "जन्मभर फिरलो," ते म्हणाले, "पर दोन डेपोंच्या मधी. संध्याकाळी पुन्हा जिथल्या तिथं. एकदा सह्याद्री या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालायचा. परतीची फेरी न्हाई!" बोलताना त्यांचा आवाज चिरकला. त्यावरून मी ओळखलं, हा माणूस चेष्टा करून राहिला नाही.

थैली कुरिअरनं आली. मामींनी खोकं उचललं, हलवलं आणि कुरिअरवाल्याला गेटाबाहेर गाठलं. "आरं, रिकामंच खोकं दिलंस की!" आत थैली होती, पण कांद्याच्या पापुद्र्याएवढी. दोरीवर टाकली तर वाऱ्यानं उडून लिंबावर गेली. गावातले लोक म्हणतात लिंबावर. मी तिला सिद्धेश्वर धरणाच्या दिशेनं निघालेलं पाहिलं आहे. वजन करायला आम्ही ती हळदीच्या आडतीवर नेली. जिथं पोती तोलतात त्या काट्यावर मामांनी ती अदबीनं ठेवली. काटा ढिम्म. हमाल म्हणाला, "मामू, पहले थैली तो रखो!"

"रख्याच है रे!" मामांची छाती भरून आली. पाठीवरची शाबासकीही त्यांनी एवढ्या आनंदानं कधी घेतली नसेल.

आनंदाला आडव्या आल्या मामी. त्याला कारणही होतं. नोकरीच्या शेवटी मामांची पाठ अशी धरली होती की त्यांना गाडीतून पाटावर बसवून उतरवलं होतं. वझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. "पहाडात पाठ धरली तर आणाया कोण जाईल? तुमची ती थैली?" मामींनी विचारलं आणि स्वयंपाकघरातून वरवंटा आणून तराजूच्या एका पारड्यात ठेवला. "सगळं सामान भरून याच्याहून हलकी ऱ्हायली पायजे. हितं न्हाई, कुरुंद्यात. आपल्या लेकीच्या, शोभाच्या घरापर्यंत चालत जा. मी वरवंटा घेऊन एसटीनं पुढं जाते. तिथं जड भरली तर पहाडाचं नाव काढायचं न्हाई."

"मंजूर," मामा म्हणाले. त्यांनी थैली भरली, दुसऱ्या पारड्यात ठेवली, आणि वरवंटा धाडकन खाली गेला. मामा असे हसले की जणू सह्याद्री ओट्याखालीच येऊन बसला होता. मामींनी मला पंच नेमलं. मामांनी वाहनात बसायचं नाही, मिळालेलं वाटेत वाटायचं नाही, आणि त्यांचं वझं मी घ्यायचं नाही. मिळालेलं म्हणजे काय, हे तेव्हा आम्हाला दोघांनाही कळलं नाही. मामींना कळलं होतं.

पहिल्याच गावाच्या वेशीवर एका म्हातारीनं हाक मारली, "आगं बाई, कंडक्टरसायेब!" मामा थांबले. संपलं. चहा झाला आणि उठताना म्हातारीनं घरची तूरडाळ पुढं केली. आपल्याकडं दारातून कुणाची थैली रिकामी जात नाही, आणि देणाऱ्याला कुणी 'काहून' विचारत नाही. विचारलं तर तो शिवीपेक्षा मोठा अपमान. मामांचे ओठ 'का'पर्यंत आले, तिथंच मिटले. डाळ थैलीत गेली.

मग काय, बातमी आमच्यापेक्षा जोरात चालू लागली. दर वळणावर कुणी ना कुणी उभं. कुणी तीळ, कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी कुरडया. थैलीला बाहेरून जाळीचा खिसा होता. कंपनीनं तो ओला कोट ठेवायला दिला होता. त्यात भोपळा बसला. सिद्धेश्वरला धरणावरच्या कौसाबाईंनी ताजा मासा आणला. मामांना सुटकेची वाट दिसली. "बाई, मी मासे खात न्हाई."

"मंग आधी काहून न्हाई सांगितलं?" म्हणत बाई आत गेल्या आणि नदीकाठचं टरबूज घेऊन आल्या.

मामा माझ्या रिकाम्या पाठीकडं आशेनं बघू लागले. "भाचेबुवा, तुमी पंच की पाषाण?"

"मामींनी सांगितलंय, मामा."

"तुमचं लगीन मीच जमवलं व्हतं."

"म्हणूनच घाबरतो बायकांना."

कुरुंद्याच्या शिवारात हळद शिजत होती. कढईपाशी घामाघूम झालेल्या एका माणसानं मामांना ओळखलं, त्यांच्या पाया पडला आणि ओंजळी-ओंजळीनं वाळली हळकुंडं थैलीत ओतू लागला. मामा "बास, बास" म्हणत होते आणि थैलीचं तोंडही आपण होऊन उघडं धरत होते. शोभाच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा मामा असे वाकले होते की आधी टरबूज घरात शिरलं, मग भोपळा, मग मामा.

मामी तराजू घेऊन बसल्याच होत्या. थैली पारड्यात ठेवली. वरवंटा असा उडाला की शोभाच्या सासूबाई पदर सावरून बाजूला झाल्या. मामा भिंतीला पाठ टेकून बसले. चेहरा अगदी सुटलेल्या गाडीकडं बघणाऱ्यासारखा. "हारलो," म्हणाले, "तुमचं बराबर व्हतं."

मामी एकेक जिन्नस काढू लागल्या आणि मामांच्याच आवाजात विचारू लागल्या, "ही डाळ काहून?"

"तिच्या सुनेला कळा आल्या व्हत्या. गाडी दवाखान्याच्या दारात नेली."

"टरबूज काहून?"

"कौसाबाईचं पोरगं परीक्षेला निघालं व्हतं. गाडीमागं पळत व्हतं. थांबवली."

"हळकुंडं?"

मामा जरा थांबले. "त्याचा बाप माझ्या गाडीत गेला. सीटवरच. मी उतरलो न्हाई, गावापर्यंत मांडीवर डोकं घेऊन बसलो."

मामींचा हात थैलीतच राहिला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "रोज ड्युटीहून यायचे. काय झालं इचारलं की म्हणायचे, काय न्हाई." आणि पदराच्या टोकानं त्यांनी टरबूज पुसलं. टरबूज स्वच्छ होतं.

टरबूज खाली ठेवून मामीच म्हणाल्या, "आवो, पहाडात तुमाला कोण वळखतं?"

"कोणी न्हाई."

"मंग जा. तिथं थैली हलकीच ऱ्हाईल."

मामा गेले. वसमतच्या स्टँडवर मी त्यांना निरोप दिला. थैलीच्या पट्ट्याला दोऱ्यानं एक हळकुंड बांधलेलं होतं. मामींशिवाय कुणाचं काम? मामांना ते दिसलं. चिठ्ठ्या आणि पट्टे कापणारा माणूस. खिशात कात्री होती. पण त्यांनी हळकुंडाला काहीच विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा ते गाडीत प्रवाशासारखे बसले आणि कंडक्टरला म्हणाले, "एक फुल. जाण्याचंच."

परतले तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. काळे, वाळलेले, पाठ ताठ. ओट्यावर थैली टेकवली तर ओटा हलला म्हणतात. मी होतो, तो हललाच. मामींनी ती पारड्यात ठेवली. वरवंटा पुन्हा उडाला. आतून नाचणी निघाली, आमसुलं निघाली, कुणाच्या तरी घरचे तांदूळ निघाले, आणि जाळीच्या खिशात, जिथं भोपळा बसला होता तिथं, फणस.

मामींनी कमरेवर हात ठेवले. "आवो, हे काहून?"

मामा त्या बिनदांडीच्या ब्रशासारखे आखूड हसले.

"वळख झाली."

मामींनी पारड्याबाहेर पडलेला वरवंटा उचलला, धुतला, पाट्यावर ठेवला आणि चटणी वाटायला घेतली.