ऊबची दोन अक्षरं

दुकानांच्या पाट्यांसाठी उठावाची अक्षरं कॉम्प्युटरवर घडवणारी म्हणून धाकटीला सगळा बाजार ओळखायचा. नाव कुणी घेत नसे. थोरली होती म्हणून ही धाकटी झाली, आणि थोरली निघून गेली तरी लोकांनी हिला धाकटीच ठेवलं. लोकांचं काय जातं म्हणा! पण दिवसातून दहा वेळा ती हाक ऐकताना, मग थोरली कुठाय, हा प्रश्नही तिला दहा वेळा टोचायचा.

थोरली म्हणजे ताई. ती ब्रशने पाट्या रंगवायची. एकाच खोलीत एका भिंतीला ताईचे रंगाचे डबे आणि समोरच्या भिंतीला धाकटीचा कॉम्प्युटर. शेजारी दोघींना 'ब्रश आणि माऊस' म्हणून चिडवायचे आणि दोघी ते मिरवायच्या. मग ताईचा खांदा दुखायला लागला आणि धाकटीला उपकार करायची हुक्की आली. तिने ताईच्या बारा वर्षांच्या पाट्यांचे फोटो जमवले, एकेक अक्षर कॉम्प्युटरवर गिरवलं, अख्खी वर्णमाला तयार केली आणि मोठ्या हौसेने ताईपुढे ठेवली. म्हणाली, "आता तुला एकही अक्षर काढावं लागणार नाही बघ!"

विचारलं मात्र नव्हतं. ताईने पडद्यावर अपासून ज्ञपर्यंत एकेक अक्षर पाहिलं. मग तिने ब्रश धुतले, पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि घेऊन गेली. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. धाकटीने ती वर्णमाला त्याच दिवशी पुसून टाकली, पण ते सांगायला ताई जागेवर होती कुठे! चार तासांच्या अंतरावरच्या एका शाळेत ती आता चित्रकला शिकवते. याला नऊ वर्षं झाली. कुणी आजारी पडलं, कुणाला मूल झालं, तर दोन ओळींचा निरोप येतो आणि दोन ओळींचा जातो.

तर एके दिवशी लोकरीचे कपडे विकणाऱ्या काकू जुन्या पाटीचा फोटो घेऊन आल्या. दुकानाचं नाव 'ऊब'. पाटी ताईनेच रंगवलेली, आता उन्हाने पोपडे आलेली. दुकान मोठ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जाणार होतं आणि तिथे बाहेरच्या भिंतीवर धातूची अक्षरं हवी होती.

"पण अक्षर हेच हं, तुझ्या ताईचं," काकू म्हणाल्या. "तू करतेस चांगलंच, पण ह्या ऊचं पोट बघ कसं, भरपेट जेवल्यासारखं. तुझी अक्षरं मेली सगळी उपाशी दिसतात."

धाकटी हसली. राग मानावा तर बाई खरं बोलत होती.

वळणदार अक्षर कॉम्प्युटरवर घडवायचं म्हणजे आधी त्याच्या कडेने ठिपके ठेवायचे. प्रत्येक ठिपक्याला दोन्हीकडे दांड्या असतात, त्या ओढल्या की रेघ वळते. मग त्या सपाट आकाराला जाडी द्यायची, कडा गोल करायच्या. शेवटी त्यावर काळे-पांढरे पट्टे पाडून बघायचे. वळण गुळगुळीत असलं की पट्टे सरळ वाहत जातात, कुठे बारीकसं टेंगूळ असलं तरी तिथे अडखळतात. ऊच्या पोटाखाली ते अडखळत होते. घोडं तिथेच पेंड खात होतं. मग कालची पोर करील तेच धाकटीने केलं, वळण जमेना म्हणून आणखी ठिपके टाकले. एक टेंगूळ दाबलं की शेजारी दुसरं वर यायचं. ठिपके झाले त्रेचाळीस. शेवटी वैतागून तिने सगळं आपोआप गुळगुळीत करणारं बटण दाबलं. पट्टे छान वाहायला लागले, पण ऊ कुणाचाच राहिला नाही.

नवरा कपबशी घेऊन मागे उभा होता. "झाला की! मस्त दिसतोय."

"मस्त आहे, पण ताईचा नाहीये."

"मग ताईलाच विचार," असं म्हणून तो निघूनही गेला. पुरुषांचं बरं असतं, दारूगोळ्यावर काडी टाकून चहा प्यायला मोकळे.

धाकटीने निरोप लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. शेवटी ऊचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'पोटाशी कुठे चुकतंय?'

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. 'किती उंचावर लागणार?'

'दुसऱ्या मजल्यावर.'

'मग वरची रेघ जाड कर. खालून बघणाऱ्याला वरचं बारीक दिसतं. आणि पोटाला इतके टेकू कशाला? वळण एका दमात घे.'

धाकटीने ठिपके काढत काढत अकरावर आणले. ऊने सुस्कारा सोडावा तसं त्याचं पोट सैलावलं. ताईचा ऊ पडद्यावर आला होता! पण खरं सांगायचं तर तिला आनंद ऊचा झाला नव्हता. नऊ वर्षांनी ताई तिच्याशी पाच वाक्यं बोलली होती, आणि ती तिने किती वेळा वाचली याला गणती नाही.

ऊ झाला, ब उरला. ब काय, ती डोळे मिटून घडवू शकली असती. तसा तो तासाभरात झालाही. पण झाला म्हणून कळवलं असतं तर ताई 'ठीक' म्हणून गप्प झाली असती. धाकटीने बची तिरपी रेघ मुद्दाम जाड केली आणि चित्र पाठवलं. 'रेघ बारीक कर,' लगेच उत्तर. मग तिने कड जास्त गोल केली. 'साबणाची वडी झालीये,' ताई म्हणाली. धाकटी एकटीच खुदकन हसली. ताई चार तासांवरून शेळ्या हाकत होती आणि शेळी रोज मुद्दाम वाट चुकत होती. असे सोळा दिवस गेले. काकूंचे फोन येत होते, "अगं, दोनच तर अक्षरं, महाकाव्य लिहायला घेतलंस की काय?" धाकटी वेळ मारून नेत होती.

सतराव्या दिवशी तिने बचं पोट चक्क चेपलेलं पाठवलं. उत्तर यायला वेळ लागला.

'ही चूक तुझी नाही. तू सात वर्षांची होतीस तेव्हाही तुझा ब गोल होता. मुद्दाम चुकतेस का?'

धाकटीचे कान तापले. खोटं बोलायचं तर पुढ्यात चेपलेला ब होता.

'हो.'

'का?'

'चुकलं की तू बोलतेस.'

पलीकडे ताई काहीतरी लिहीत होती, थांबत होती, पुन्हा लिहीत होती. धाकटी खुर्चीच्या कडेवर बसून राहिली.

'तेव्हा नुसतं विचारलं असतंस,' ताईने लिहिलं, 'तर मी स्वतः बसून एकेक अक्षर काढून दिलं असतं तुला. दुखऱ्या खांद्याने दिलं असतं.'

धाकटीला पडदा दिसेना. खोलीतली ती दुसरी भिंत अजून रिकामीच होती, तिथे तिने साधं कपाटसुद्धा ठेवू दिलं नव्हतं कुणाला. तिने लिहिलं, 'ताई, चुकलं माझं. हे मुद्दाम नव्हतं.'

'एवढं म्हणायला नऊ वर्षं लावलीस?'

आता मात्र धाकटी रडली, लहान मुलीसारखी, हुंदके देऊन. नाक पुसत तिने लिहिलं, 'ये ना.'

'मुलांच्या परीक्षा संपू देत. मग बघते.'

धाकटीने त्याच दुपारी बचं पोट नीट केलं आणि दोन्ही अक्षरं कारखान्यात पाठवून दिली. आता विचारायला काही उरलं नव्हतं. परीक्षा संपायला अजून दीड महिना होता, आणि हा दीड महिना त्या नऊ वर्षांपेक्षा मोठा जाणार होता.