जित्या बाईचा वीर

निर्मला पागधरे मेली, ही बातमी सगळ्यात शेवटी कळली ती निर्मलालाच.

डहाणूच्या किनाऱ्यावर तिचं घर. मासळी वाळवायची, खारवायची आणि दर आठवड्याला बसने कासा, तिथून चंदरच्या जीपने डोंगराला टेकलेल्या भोकरपाड्यावर विकायला न्यायची. हा फेरा मूळचा तिच्या सासूचा. चंद्राबाई डोक्यावर पाटी घेऊन पायी जायची, आणि शेवटी मानेच्या दुखण्यानेच गेली. सुनेने पाटी टाकून प्लास्टिकचा डबा घेतला, जीप धरली; जीभ मात्र सासूचीच उचलली. कोणाच्या पोरीला स्थळ आलं, कोणाचा नवरा वापीला कामाला म्हणून गेला आणि तिकडे दुसरी चूल मांडून बसला, हे सगळं सुकटीवर फुकट मिळायचं. काही बाया तर सुकट न घेताच पुढे बसायच्या.

टाळेबंदीत जीपा बंद झाल्या, तेव्हा कोणाच्या ना कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून तिने पाड्यावर मीठ, तेल, म्हाताऱ्यांच्या गोळ्या पोचवल्या. ते कोणीतरी नवीनशेठच्या कानावर घातलं. नवीनशेठ व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. दरवर्षी छोट्या धंदेवाल्यांचा सत्कार करायचे आणि दरवर्षी नंबर त्यांच्या मेहुण्याचाच लागायचा. लोक तोंडावर हसायला लागले, म्हणून यंदा निर्मलाचा लागला. शाल, श्रीफळ आणि ‘सेवावीर’ पुरस्कार. बॅनरवाल्या धर्मेशकडे फुलांच्या हाराची एकच चौकट. वाढदिवसाला तीच, श्रद्धांजलीलाही तीच. त्या हारात निर्मलाचा हसरा फोटो कासाच्या नाक्यावर लागला. खाली ठळक अक्षरांत: सेवावीर निर्मला.

आता गावागावांत शब्द फिरतो तो असा. बाजारात वीर म्हणजे शाबासकी. भोकरपाड्यावर वीर म्हणजे मेलेलं माणूस. चांगलं करून गेलेल्याचा दगड तिथे पाड्याबाहेर झाडाखाली मांडतात. भगत त्याला नावाने हाक मारतो, आणि कोणाच्या तरी अंगात येऊन त्याने ‘आलो’ म्हटलं की वीर बसला. त्याला भात ठेवायचा तोही अळणी. मेलेल्याला मीठ चालत नाही.

सत्कारानंतर निर्मला पहिल्यांदा कासाला उतरली, तेव्हा जीपमध्ये दोनच माणसं होती.

“भरली गाडी,” चंदर म्हणाला. तिच्याकडे न बघता.

“कुठे रे भरली? माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पडला का?”

चंदरने चावी फिरवली. आतल्या दोघांनी पाय वर घेतले. जीप गेली.

चार माळा गळ्यात पडल्या की चाळीस माणसं जळतात, हे तिला ठाऊक होतं. तिने चुंबळ वळली, डबा डोक्यावर घेतला आणि चालू लागली.

भर दुपार होती. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. पहिला चढ चढली आणि मागून कोणीतरी धापा टाकत येतंय असं वाटलं. ती थांबली की धाप थांबे. वळून बघावं तर डोक्यावर ओझं. मान वळत नव्हती. “कोण गं?” तिने समोरच बघत विचारलं. धाप आणखी जवळ आली.

पाड्याच्या तोंडाशी पोरं खेळत होती. तिला बघून ती ओरडली नाहीत की पळाली नाहीत. पाठ न दाखवता, एकेक पाऊल मागे घेत, घरात गेली. दारं लागली. सुकटीच्या वासाला एरवी रस्त्यापर्यंत येणारी कुत्री ओट्याखाली शिरली.

“बायांनो, सुकट आणलीय गो!”

कुडाच्या फटींतून डोळे दिसत होते. 

मोहाच्या झाडाखाली नवा दगड होता. शेंदूर अजून ओला. पुढे पानावर भात, भाताशेजारी मागच्या खेपेला तिनेच विकलेले, बिनमिठाचे सुके बोंबील. आणि खोडाला बॅनरमधून कापून आणलेला तिचाच फोटो, हारासकट, हसणारा.

दगडाशी भिकी बसली होती, पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई. तिचा स्वतःचाच एक पाय तिकडे, तिला कशाचं भय?

“आलीस?” भिकी म्हणाली. “भात पोचला ना?”

“भिकीबाय, मी जिती आहे!”

“पहिल्या पहिल्यांदा सगळेच म्हणतात गे तसं.”

निर्मलाने डबा खाली आपटला, खारवलेला बांगडा काढला आणि कच्चाच चावला. “हे बघ. मेलेलं खारं खातं का?”

भिकीने तिचं चावणं बघितलं, गिळणं बघितलं. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिचा चेहरा पांढरा पडला.

“मग त्या दिवशी आलं कोण?”

पाड्याने सगळं रीतीने केलं होतं. परकी असली तरी आपली मीठमिरची हिने वाहिली, म्हणून पाड्याने मान द्यायचं ठरवलं. भगताने निर्मलाच्या नावाने हाक मारली. रखमी, परवापरवा लग्न होऊन आलेली पोर, थरथरली आणि म्हणाली, ‘आले.’

“बसलेला वीर उठत नाही,” भिकी कुजबुजली. “आणि एका नावाच्या दोघी राहत नाहीत. तू आता येऊ नको या पाड्यावर. आलीस तर दगडातली ती तुला आत घेईल.”

निर्मलाने डबा जवळ ओढला. हा पाडा गेला म्हणजे धंदा गेला, आणि अर्धं आयुष्यही गेलं.

“आले म्हणाली, आणि पुढे?”

“एवढंच म्हणाली, ‘पाटी उतरवा गो, मान मोडली.’”

निर्मलाचा हात आपोआप मानेकडे गेला. तिने कधी पाटी वाहिली नव्हती. रखमीने तर पाटीवाली बघितलीही नसेल.

ती दगडासमोर मटकन बसली. घरातही असंच असायचं. हाक निर्मलाला मारावी, आणि ओ सासूने द्यावी. जन्मभर पाटी वाहून तिला कोणी साधा नारळ दिला नाही. शेवटी सुनेच्या नावाने का होईना, कोणी ‘ये’ म्हणालं, आणि ती आली.

“भिकीबाय, नाव चुकलंय तुमचं. चंद्रा म्हणून हाक मार.”

“चंद्रा? ती पाटीवाली?” भिकी दगडाकडे वळली. मग तिने हाक मारली, “चंद्रा गे!”

दगडापाशी धप्प झालं. ओझं जमिनीवर टेकवावं तसं. डबा तर केव्हाचा खाली होता. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.  भिकीने पदराने खोडावरचा फोटो काढला, घडी घातली आणि चुलीत घालायला म्हणून कनवटीला लावला.

हळूहळू एक दार उघडलं. रखमी आली. दुरूनच निर्मलाची सावली पडतेय ना ते बघितलं, मग डब्यात हात घातला, सुकट चिमटीत चोळली.

“वाळूच जास्त आहे हिच्यात. आणि भाव तोच?”

“परवडत नसेल तर ठेव खाली.”

“एवढा भाव! मेलेली होतीस तेच बरं होतं, बाय.”

कुडाआड कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं. मेलेल्याशी कोणी घासाघीस करत नाही. निर्मलाच्या डोळ्यांना पाणी आलं, पण भाव तिने सोडला नाही.