कंटाळा विचारणारी

“आवडलं का, ते नका सांगू. मोबाइल कधी हातात घेतलात, ते सांगा.”

खेळ संपला, फासे डब्यात गेले, की ती चहाचा कप घेऊन एकेकाशेजारी जाऊन बसायची आणि हळू आवाजात हे विचारायची. विचारून झालं की गप्प. समोरचा “मस्त होतं की” म्हणाला तरी ती गप्पच. मग ती शांतता सहन न होऊन माणूस खरं बोलायला लागायचा.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याच्यापुढे लोक आपोआप मोकळे होतात. अशा माणसाचं सगळे कौतुक करतात. मला तिचा हेवा वाटायचा.

आधी खेळाबद्दल सांगतो. एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैदू. कुलूप उघडलं का, वार लागला का, हे फासे ठरवतात. पुण्यात नोकरीला असताना मी हा खेळ शिकलो आणि जळगावात परतल्यावर पिंप्राळ्यातल्या आमच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी सुरू केला. कूलरच्या वाऱ्याने कागद उडायचे, केळीच्या वेफर्सनी फासे तेलकट व्हायचे. “हे इथे कुणी आणलं?” असं कुणी नवख्याने विचारलं की अल्ताफ माझ्याकडे बोट दाखवायचा. अल्ताफचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. तो माझा सगळ्यात जुना खेळाडू. त्याचं ते बोट मला फार आवडायचं.

खेळानंतर मीही विचारायचो. ग्रुपवर लिहायचो, “कसं वाटलं?” अंगठे यायचे. “एक नंबर भो” यायचं. मंजूचा, म्हणजे माझ्या बायकोचाही अंगठा असायचा. तीही आमच्यात खेळायची.

मग ही धुळ्याहून बदली होऊन आली. बँकेत होती. वयाने माझ्याएवढीच, पण महिनाभरात सगळे तिला ताई म्हणायला लागले. आधी ती माझ्या टेबलावर खेळली. मग म्हणाली, “दादा, एखाद्या रविवारी मी चालवू का?” मी मोठ्या मनाने हो म्हटलं. खरं सांगायचं तर तिला जमणार नाही याची मला खात्री होती.

आणि तिला तसं जमलंही नाही. गोष्ट रखडली, नियम चुकले, अल्ताफने दोनदा जांभई दिली. मी मनातून खूश होतो. पण चहाच्या वेळी ती त्याच अल्ताफशेजारी जाऊन बसली. तो जे बोलत सुटला, ते मी लांबून बघत होतो. माझ्याशी तो कधी इतकं बोलला नव्हता. ती मध्ये एकदाही “अहो, पण माझं म्हणणं असं होतं” म्हणाली नाही. फक्त विचारलं, “मग तिथे तुम्हाला काय करावंसं वाटत होतं?”

पुढच्या वेळी अल्ताफने जांभई दिली नाही.

एका रविवारी माझा खेळ झाल्यावर मी रिकामी ताटली ठेवायला आत निघालो, तर स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. “मंजू, लढाई ऐन रंगात असताना तू पाणी प्यायला उठलीस.”

“उठले खरी,” मंजू म्हणाली. “माझ्या वैदूला कामच नव्हतं. कुणाला लागलं की मला हाक मारतात. घरी तेच, खेळातही तेच.”

मी ताटली घेऊन दारातच थांबलो.

“मग तुला काय व्हायचं होतं?”

नळ बंद झाला. मग मंजू म्हणाली, “चोर.”

मंजू पुढे ताईच्या टेबलावर चोर झाली. राजवाड्याचं कुलूप उघडताना माझी बायको ज्या आवाजात पहारेकऱ्याला गुंडाळत होती, तो आवाज मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. सगळे हसत होते. मीही हसलो. पण त्या टेबलाच्या टोकाला, गोष्ट चालवणाऱ्याच्या जागी, मी असायला हवा होतो, हे मनातून जाईना.

त्या दिवशी चहा घेऊन ताई माझ्या शेजारी बसली. “दादा, तुम्हाला कुठे कंटाळा आला?”

मी संधी सोडली नाही. म्हणालो, “तुमची राणी आणि तिचा नोकर एकाच आवाजात बोलतात. कोण बोलतंय तेच कळत नाही.”

ती थोडी लाल झाली. मग म्हणाली, “हो. खरंय.”

पुढच्या रविवारी नोकर आला तो कमरेत वाकून, अहिराणीत. “राणीसाहेब, बठ्ठं तयार शे.” म्हणजे सगळं तयार आहे. अल्ताफ हसता हसता खुर्चीवरून घसरला. मी टोचायला म्हणून सुई दिली होती आणि तिने त्याच सुईने झालर शिवून घेतली. आता काय करायचं अशा बाईचं?

एकदा मी तिला विचारलंच, ही सवय कुठून लागली.

“धुळ्याला मी खेळ चालवायचे,” ती म्हणाली. “सगळे मस्त मस्त म्हणायचे. मग एकेक जण येईनासा झाला. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचं डोकं दुखतंय. शेवटी एका रविवारी मी मांडून बसले आणि कुणीच आलं नाही.” ती हसली. “काय चुकलं, ते अजून माहीत नाही मला.”

मला माझ्या ग्रुपवरचे अंगठे आठवत होते.

तिची सोलापूरला बदली झाली. शेवटच्या रविवारी खेळ माझा होता. चहाच्या वेळी मी कप घेऊन तिच्या शेजारी गेलो. “माझ्या खेळात तुम्हाला काय खटकायचं?”

तिने मान वर केली. “तुमची माणसं फार बोलतात, दादा. राजा बोलतो, राक्षस बोलतो, दरवानसुद्धा बोलतो. छानच बोलतात. पण आम्ही नुसते ऐकत बसतो.”

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी चहाबरोबर गिळलं. “अजून?”

“तो नावाडी. मी नवीन आले होते तेव्हाचा. नदी पार करताना त्याने एवढंच विचारलं, पलीकडे कुणी तुमची वाट बघतंय का? त्या दिवशी मी खोलीवर जाऊन रडले. इथे माझं कुणीच नव्हतं तेव्हा.”

मला तो नावाडी नीट आठवतही नव्हता. “हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

आता माझे नावाडी आणि दरवान कमी बोलतात. मंजू चोरच आहे आणि खेळानंतर मला सुनावते. परवा अल्ताफने मला सोलापूरहून आलेला एक फोटो दाखवला. अनोळखी हॉल, अनोळखी माणसं. एक टक्कल पडलेले गृहस्थ हात हवेत नेऊन काहीतरी तावातावाने सांगतायत, आणि ही पुढे झुकून ऐकते आहे.

मी फोटो मोठा करून त्या गृहस्थांकडे बघत राहिलो. हेवा तसाच होता. फक्त आता तो तिचा नव्हता, त्यांचा होता.