चिमट्याला न लावलेली चिठ्ठी

तिला शहरानं ऐकलं आधी आणि पाहिलं फार उशिरा. सकाळची वेळ, पावाच्या दुकानासमोर रांग. रांगेत पाचवी एक बुटकी बाई होती, करड्या कोटातली, हातात जाळीची पिशवी. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "अर्धा द्या, आणि फार भाजलेला नको." एवढ्यावर आख्खी रांग वळली. एक म्हातारा तर दचकून म्हणाला, "का हो, आज पाणी जाणारंय?"

त्याचं दचकणं बरोबरच होतं. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला चौकाचौकातल्या खांबांवरच्या कर्ण्यांमधून हाच आवाज यायचा. कुठल्या गल्लीत नळ कोरडे राहणार, लहान मुलांना लस कुठे टोचणार, कोणता रस्ता खणलाय, कुणाचा पांढरा कुत्रा कोंडवाड्यात सापडलाय. नगरपालिकेला जे सांगायचं असेल ते शहर तिच्या तोंडून ऐकायचं. त्या दिवशी पाववाल्यानं तिला अख्खा पाव दिला, तो देखील ताजा. ती घरी गेली ती जमिनीला पाय न लावताच.

मुलं तिला मागून 'भोंगाताई' म्हणत. घरात ती थोरली. दोघा भावांचं बिऱ्हाड एकाच घरात, वरच्या मजल्यावर थोरली, खालच्या मजल्यावर धाकटी जाऊ, आणि सासूबाई ज्या मजल्यावर चहा आधी होईल त्या मजल्यावर.

या कामाच्या एकविसाव्या वर्षी थोरलीचा घसा बसला. आधी सर्दी वाटली. मग डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत, त्या काढाव्या लागतील, आणि पुढे सहा महिने जेवढं बोलणं अडेल तेवढंच बोलायचं. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "मग सहा महिने कोण वाचणार?"

थोरलीनं पाटीवर लिहून दिलं, 'आमची धाकटी.'

यात माया होतीच, पण खोटं कशाला सांगा, थोडी चलाखीही होती. धाकटी कापडाच्या दुकानात मापं घ्यायची. आवाज साधा, खालच्या पट्टीतला, चारचौघींसारखा. थोरलीला वाटलं, लोक पंधरा दिवस ऐकतील आणि विचारतील, आमची बाई कुठाय? परक्या कुणाला खुर्ची देण्यापेक्षा घरातली बरी. उठ म्हटलं की उठेल.

थोरलीला बातम्या लिहायच्या कामावर बसवलं. वेगवेगळ्या खात्यांचे फोन घ्यायचे, मजकूर तयार करायचा, धाकटीच्या हातात द्यायचा.

पंधरा दिवस झाले. कुणी काही विचारलं नाही. महिना झाला, तेव्हा एका बाईचं पत्र आलं. लिहिलं होतं, 'नवीन ताईंचा आवाज ऐकला की कुणीतरी शेजारी बसून सांगतंय असं वाटतं. आधी जरा हुकूम सोडल्यासारखं वाटायचं.' पत्र उघडायचं काम थोरलीचंच होतं. तिनं ते तीनदा वाचलं आणि 'इतर' अशा फायलीत लावून टाकलं.

मग ते सुरूच झालं. भाजीवाली म्हणाली, "तुमची जाऊ ना ती? काय गोड बोलते हो!" शाळेनं बक्षीस समारंभाला धाकटीला बोलावलं. एकवीस वर्षांत थोरलीला कुणी रिबीनसुद्धा कापायला बोलावलं नव्हतं. सासूबाई तर सहाच्या ठोक्याला खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या. "पोरगी कशी सावकाश सांगते," त्या म्हणायच्या. "थोरलीचं ऐकलं की मला उगाच वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय."

"आई, मी इथेच बसलेय," थोरली घोगऱ्या आवाजात म्हणायची.

"मग? तुझ्या पाठीमागे बोलू का?"

थोरलीचा जळफळाट व्हायचा, पण तो दाखवायची सोय नव्हती. आपणच बोट दाखवलेलं, आता त्याच बोटानं डोळा कसा पुसायचा? आणि धाकटीवर रागवावं तर ती तसं काही वागतही नव्हती. रोज संध्याकाळी विचारायची, "ताई, आज कसं झालं? कुठं चुकलं का?" थोरलीला हाच प्रश्न सगळ्यात जास्त झोंबायचा. चूक सापडली असती तर तिनं आनंदानं सांगितली असती.

पाचव्या महिन्यात तिनं गुपचूप सराव सुरू केला. घरात आवाज जाऊ नये म्हणून ती कपाट उघडायची, नवऱ्याच्या कोटांमध्ये तोंड खुपसायची आणि आदल्या दिवशीच्या बातम्या वाचायची. तिसऱ्या वाक्याला आवाज फाटायचा. एकदा नवरा आत आला आणि दाराशी उभा राहिला. "कपड्यांना काय सांगतेस?" त्यानं विचारलं. "उद्या पाणी नाही?"

"तुम्ही बाहेर व्हा," ती कोटांमधूनच म्हणाली.

सहा महिने भरायला आठवडा राहिला तेव्हा साहेबांनी दोघींना बोलावलं. मनुष्य सरळ होता, आणि सरळ माणसं जशी बोलतात तसाच बोलला. "महिनाअखेर मला एक नाव कायम करायचंय. लोकांना धाकट्या बाई आवडल्यात, हे उघड आहे. थोरल्या बाईंचा अनुभव मोठा. गळा कसाय त्यावर बघू. पण बदल करायला मला काही कारण तर पाहिजे."

काही कारण तर पाहिजे. थोरलीच्या डोक्यात ते वाक्य पिशवीतल्या सुट्ट्या किल्लीसारखं वाजत राहिलं.

त्या कचेरीत एक पद्धत होती, ती थोरलीनंच पाडलेली. बातम्यांचे कागद वाचायच्या तासभर आधी तयार व्हायचे. त्यानंतर एखाद्या खात्यानं बदल कळवला तर तो गुलाबी चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं माइकच्या दांड्याला अडकवायची. वाचणारी खुर्चीत बसली की तिच्या नाकासमोर चिठ्ठी. आधी ती बघायची, मग कागद. चिमटा रिकामा असला तर समजायचं, बदल काही नाही. एकवीस वर्षांत ही पद्धत एकदाही चुकली नव्हती.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला आरोग्यखात्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी डोळे तपासायची गाडी ग्रंथालयाच्या अंगणात यायची होती. ते अंगण पाइपासाठी खणून ठेवलंय, म्हणून गाडी आता अग्निशमन केंद्राच्या आवारात उभी राहील, सकाळी नऊ ते बारा. थोरलीनं गुलाबी चिठ्ठी घेतली, सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं, खाली वेळ टाकली. चिमटा हातात घेतला. बाहेर धाकटी शिपायाशी बोलत होती आणि तो हसून म्हणत होता, "बाई, माझ्या सासूनं तुमच्यासाठी लोणी पाठवलंय."

एकवीस वर्षांत थोरलीला कुणाच्या सासूनं काही पाठवलं नव्हतं.

तिनं चिमटा दांड्याला लावला, रिकामा. चिठ्ठी कागदांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवली. 'टेबलावर तर ठेवलीय,' तिनं मनाला सांगितलं. 'शेवटपर्यंत कागद चाळले तर दिसेल. एवढी हुशार आहे ना!' मग ती कोट घालून घरी निघाली. वाटेतल्या चौकात कर्ण्यातून धाकटीचा आवाज आला, निवांत, शेजारी बसून सांगितल्यासारखा, 'उद्या सकाळी नऊ वाजता, ग्रंथालयाच्या अंगणात...' थोरली चालण्याचा वेग वाढवून पुढे गेली. कर्णे प्रत्येक चौकात होते.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानातच आली नव्हती. हेव्यात माणूस एकाच माणसाकडे बघतो, बाकीचे दिसेनासे होतात. सासूबाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि ही गाडी चार महिन्यांतून एकदाच यायची. त्या कुणाला न सांगता सकाळी आठलाच घरातून निघाल्या होत्या. सुनांना कामावर उशीर नको म्हणून.

दुपारी एक वाजता त्या रिक्षातून उतरल्या. पाय सुजलेले, कोटाला मातीचा डाग. गुरुवारी दोघींची दुपारची सुट्टी, त्यामुळे दोघीही घरात होत्या. सासूबाई पायरीवरच बसल्या.

"साठेक म्हातारी माणसं होतो," त्या म्हणाल्या. "खड्ड्याच्या काठावर. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही. एक जण म्हणतो गाडी येईल, दुसरा म्हणतो खड्ड्यातून येईल. अकरापर्यंत हसलो. मग एक बाई रडायला लागली. तिला तिच्या मुलानं लांबून आणून सोडलं होतं."

"आई, तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" धाकटीनं विचारलं.

"तुम्हाला काय सांगायचं? घरात दोन-दोन बातमीदार, आणि मी दिवसभर खड्डा बघत बसले. तेवढा दिसला बरा, मोठा होता म्हणून."

धाकटीनं गरम पाणी आणलं आणि त्यांचे पाय त्यात सोडले. थोरली टॉवेल हातात धरून उभी राहिली. तो कुणी मागितलाही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघींना उभं केलं. आरोग्यखात्यानं फोन केल्याची नोंद होती, वेळेसकट. "चिठ्ठी गेली कुठे?" त्यांनी विचारलं.

धाकटी म्हणाली, "चिमटा रिकामा होता, पण कागद मी शेवटपर्यंत बघायला हवे होते. माझ्याकडून राहिलं."

साहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली. "साठ माणसं! संपलं. थोरल्या बाई, सोमवारपासून तुम्ही बसा. गळा काय म्हणतो?"

"बरा आहे," थोरली म्हणाली.

"उद्याच्या बातम्यांत दिलगिरी जाईल. कारणासकट. मजकूर तुम्हीच लिहा."

झालं. सहा महिने जे मागितलं ते मिळालं. थोरली माइकच्या टेबलाशी आली ती आधी बुधवारचा गठ्ठा उलटायला. ती चिठ्ठी आता नाहीशी करायला हवी होती. तळाला चिठ्ठी नव्हती. तिनं खण पाहिले, टोपली पाहिली. शेवटी सहज म्हणून बदलांची फाइल उघडली. चिठ्ठी तिथे होती, दोन भोकं पाडून, तारखेप्रमाणे, कोपरे जुळवून लावलेली. असं लावायला थोरलीनंच शिकवलं होतं.

तिनं धाकटीला जिन्यात गाठलं. "कधी सापडली तुला?"

"वाचून झाल्यावर. कागद आवरताना. तेव्हाच आरोग्यखात्यात फोन लावला, पण सगळे घरी गेले होते. सकाळी सातला, तुम्ही यायच्या आत, सांगितलं मी, जागा बदललीय म्हणून. पण लांबून येणारे तोवर निघाले होते."

"आणि आई?"

"सकाळी त्यांनी खिडकी उघडली नाही. त्या तयारी करत होत्या."

"साहेबांना का नाही सांगितलंस, चिठ्ठी तळाला होती म्हणून?"

धाकटी कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिली. "सांगून काय म्हणू, ताई? माझी जाऊ माझ्यावर जळते? लोक म्हणतील, या घरात बातम्या फार." मग म्हणाली, "मला वाईट वाटलंय पण. खूप. तुम्हाला खुर्ची हवी होती तर मागायची होती. मी उठले असते. मी कापडातच बरी होते."

ती रागावून बोलली असती तर थोरलीला उत्तर देता आलं असतं. उठले असते! म्हणजे जी खुर्ची आपण कपाटात तोंड घालून घालून मागितली, ती हिला टाकता येण्याजोगी होती. त्या क्षणी थोरलीला स्वतःची लाज वाटली आणि धाकटीचा हेवा आणखीच वाढला. दोन्ही एकदम.

रात्रीचं जेवण आटोपल्यावर तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझा डोळा चार महिने थांबेल. तुझं काय ते तू बघ. आणि मला आता चार दिवस चहा खालीच पिऊ दे."

शनिवारी थोरलीनं दिलगिरीचा मजकूर साहेबांपुढे ठेवला. 'डोळे तपासणीच्या जागेतील बदल वेळेवर सांगितला गेला नाही. बदलाची चिठ्ठी बातम्या लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने मुद्दाम दडवली होती. वाचणाऱ्या कर्मचाऱ्याची यात चूक नाही. नागरिकांना झालेल्या त्रासाबद्दल नगरपालिका माफी मागते.'

साहेबांनी दोनदा वाचला. चष्मा काढला. "हे खरं आहे?"

"हो."

"'मुद्दाम' काढा. ही नगरपालिका आहे, कादंबरी नव्हे."

"राहू द्या साहेब. नाहीतर लोकांना वाटेल, दोघींपैकी एकीचा वेंधळेपणा."

साहेबांनी मजकुराखाली सही केली. "सोमवारचं विसरा मग," ते म्हणाले. "आणि या खोलीतही आता तुम्हाला ठेवता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

सहा वाजता ती पावाच्या दुकानाजवळच्या चौकात होती. कर्णा खरखरला. धाकटी पाण्याचं बोलली, रस्त्यांचं बोलली, मग माफीवर आली. एक शब्द न गाळता तिनं ती वाचली. 'मुद्दाम'पाशी ती किंचित थांबली, एवढंच. रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "चूक सांगतात ती सुद्धा किती चांगली सांगतात नाही?"

तिचा गुन्हा होता, तिनंच लिहिला होता, आणि तारीफ तिथेही धाकटीचीच झाली. तिनं पाव घेतला आणि घरी आली. सासूबाई खाली होत्या. ती वर गेली.

चार महिन्यांनी गाडी आली तेव्हा सासूबाईंना न्यायला थोरली सकाळी सातलाच तयार होती. पाठोपाठ शस्त्रक्रिया झाली, डोळा सुधारला. दोघी जावा बोलतात, पूर्वीपेक्षा थोडं कमी, पण नेमकं. धाकटी अजून विचारते, "ताई, आज कसं झालं?" आणि थोरली, मनात काय होतंय ते गिळून, म्हणते, "चांगलं झालं." कधीकधी ते गिळायला वेळ लागतो. धाकटी थांबते.

थोरली सध्या पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसते. खिडकी दुपारी दोनला बंद होते, म्हणजे सहाच्या बातम्या ऐकायला ती रोज मोकळी असते.